दुपारचा घाम, पहाटेची थंडी

महाराष्ट्रातली थंडी कुणी फारशी मनावर घेत नाही. स्पिती किंवा लडाखला निघालेला सायकलवाला दोन महिने आधीपासून थर्मल, हातमोजे, मोजे यांची जुळवाजुळव करतो. तोच माणूस डिसेंबरात भंडारदऱ्याला निघताना एक चादर कॅरिअरला बांधतो आणि म्हणतो, आपल्याकडे कुठे एवढी थंडी! दिवसभर त्याचं म्हणणं खरंही ठरतं. जानेवारीत निफाडच्या रस्त्याला दुपारी दोन वाजता २८ अंश असतात, बाह्या वर सरकवाव्या लागतात, रसवंती दिसली की पाय आपोआप थांबतात. त्याच शेतांत पहाटे पारा ५-६ अंशांवर आलेला असतो, एखाद्या वर्षी त्याच्याही बराच खाली. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला आकडा दर हिवाळ्यात बातम्यांत येतो, तो याच भागातला.

एका दिवसात वीस-बावीस अंशांचा हा झोका हेच आपल्या थंडीचं वैशिष्ट्य, आणि सायकलवर तंबू घेऊन फिरणाऱ्याची खरी अडचणही तीच. लडाखमध्ये आपण थंडीत आहोत हे दिवसभर लक्षात असतं. इथे दुपारी अंग घामाने निथळत असतं आणि बारा तासांनी तेच अंग काकडत असतं. बरीच वर्षं हिवाळ्यात असं फिरल्यावर माझं पक्कं मत झालंय की रात्र उबेत जाणार की कुडकुडत, हे स्लीपिंग बॅगेत शिरण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. दुपारी तीन ते संध्याकाळी सहा या वेळात, सायकलवरच.

वाईहून पसरणी घाट घ्या. साधारण १२ किलोमीटरमध्ये साडेपाचशे-सहाशे मीटर चढ. मागे चाकाच्या दोन्ही अंगांना लटकणाऱ्या दोन पिशव्या, म्हणजे पॅनिअर, वर तंबू, पुढे हँडलला बार बॅग. दुपारी चारला हा घाट चढायला लागलं की हवा गार वाटते म्हणून विंडचीटर अंगावर तसाच राहतो, आणि दत्तमंदिराच्या वळणापर्यंत आतला टी-शर्ट पाठीला चिकटतो. पाचगणीला पोचेपर्यंत सूर्य कलतो, वारा सुटतो. आता हिशेब करा. एक लिटर घाम वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते. सुती टी-शर्टने पाव लिटर घाम धरून ठेवला असेल तर तो वाळवायला दीडशे किलोकॅलरी. दुपारी हे काम ऊन करतं. सूर्य बुडाल्यावर तीच उष्णता तुमच्या अंगातून जाते, आणि रात्रभर पुरवायचा साठा तंबू लागायच्या आधीच कमी झालेला असतो.

म्हणून मी चढाच्या पायथ्याशी थांबते आणि एक कपडा काढते. अंगावर जरा काटा येईल इतपतच घालून चढायला लागायचं. दहा मिनिटांत बरं वाटतं आणि घाम मर्यादेत राहतो. शेवटचे पाच-सहा किलोमीटर हलक्या गिअरवर, गप्पा मारता येतील इतक्याच दमाने. बरोबरच्यांना हे पटवणं अवघड जातं, कारण मुक्काम जवळ आला की सगळ्यांना जोर चढतो. पण शेवटच्या टप्प्यात जोर केला की ओल्या अंगाने मुक्कामाला पोचायचं, हे ठरलेलं. पोचल्यावर तंबूच्या आधी कपडे. ओलं ते सगळं उतरवायचं, अंग पुसायचं, कोरडा जोड घालायचा. झोपायचा जोड वेगळा, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला, आणि तो सायकल चालवताना कधीही घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी. अंगालगत सुती काही नको. मेरिनो लोकर परवडत नसेल तर साधं पॉलिस्टरचं थर्मलही काम भागवतं.

चढापेक्षा उतार जास्त फसवा. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरने उतरताना उघड्या त्वचेला ते शून्य अंशासारखं लागतं, आणि आधी चढताना घाम आलेला असेल तर छातीत गारठा शिरतो. यावर सगळ्यात स्वस्त आणि जुना उपाय वर्तमानपत्राचा. युरोपातले शर्यतवाले सायकलपटू डोंगरमाथ्यावर पेपर घेऊन जर्सीच्या आत छातीवर सरकवत आणि मगच उतार घेत. आपल्याकडे घाटमाथ्यावरच्या टपरीत भज्यांसाठी ठेवलेली रद्दी असतेच. चहा घ्यायचा, कालच्या पेपरची चार पानं मागून घ्यायची, विंडचीटरच्या आत पसरायची. कागद वारा अडवतो, थोडा घाम पितो आणि खाली पोचल्यावर टाकून देता येतो. आजवर एकाही टपरीवाल्याने पेपरचे पैसे घेतलेले नाहीत.

आता जागा. तंबू कुठे लावायचा यावर पाच अंशांचा फरक पडू शकतो, आणि पाच अंश जास्त उबदार स्लीपिंग बॅग घ्यायची तर काही हजार रुपये जास्त लागतात. महाबळेश्वरचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. बाजारपेठेत पारा दहाच्या आसपास असतो, त्याच पहाटे वेण्णा तलावाच्या जेट्टीवर आणि लिंगमळ्यात गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठून पांढरं झालेलं असतं. तलाव बाजारपेठेपेक्षा खाली आहे. उंचावर थंडी जास्त हे आपण शाळेत शिकलो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री मात्र उलटं होतं. जमीन आपली उष्णता थेट आकाशात सोडत राहते, तिच्या लगतची हवा गार होते, गार हवा जड असते, ती उतारावरून हळूहळू वाहत खोलगट भागात येऊन साचते. ओढ्याकाठची हिरवळ, दरीचा तळ, तलावाचा काठ, म्हणजे तंबूसाठी दिसायला सगळ्यात सुंदर जागा, त्याच पहाटे सगळ्यात गार. वीस-पंचवीस मीटर वर, उताराच्या मध्यावर एखादी सपाट पट्टी मिळाली तर तिथेच थांबावं. वर झाडाचं छत असेल तर आणखी चांगलं. आंब्याखाली लावलेल्या तंबूवर दव कमी पडतं, कारण तंबूला मोकळं आकाश दिसत नाही आणि कापडाची उष्णता वर निघून जात नाही.

हे मला सगळ्यात नीट कळलं ते एका द्राक्षबागायतदाराकडून. नांदूरमध्यमेश्वरचे पक्षी बघून आम्ही परतत होतो, अंधार पडत आलेला, रस्त्यालगतच्या शेतात तंबू लावू का म्हणून विचारलं. त्यांनी नुसती परवानगी दिली नाही, जागाही स्वतःच दाखवली, बांधाच्या वरच्या अंगाला, पंपघराच्या भिंतीलगत. खालच्या कोपऱ्यात नाल्याकडेला छान लुसलुशीत गवत होतं. तिकडे हात करून ते म्हणाले, "तिकडं नका लावू, ताई. गारवा तिथंच साचतो. आमचे मणी आधी तिथंच तडकतात." बागेच्या दोन टोकांना तारेवर त्यांनी दोन तापमापकं टांगली होती. पहाटे साडेतीनला मोटरच्या आवाजाने जाग आली तेव्हा ते आणि त्यांच्या घरच्या बाई बागेत फिरत होत्या. ठिबक चालू केलेलं होतं. दोन ओळी सोडून तिसऱ्या ओळीच्या तोंडाशी छाटणीच्या काड्या आणि पाचटाचे ढीग रचलेले होते आणि ते एकेक करून पेटवत चालले होते. आम्हीही उठून काड्या वाहायला लागलो. मी ठिबकच्या नळीखाली हात धरला. विहिरीचं पाणी कोमट होतं, हाताला बरं वाटावं इतकं, आणि मुळाशी पडताना त्यातून वाफ निघत होती. जमिनीच्या पोटातल्या पाण्याला रात्रीचा गारठा पोचत नाही, म्हणून पहाटे पाणी सोडलं की मुळांची माती थंड पडत नाही. शेकोट्यांनी ओळींमधली हवा हलते आणि थोडी तापते. बॅटरीच्या उजेडात त्यांनी दोन्ही आकडे दाखवले: वर ७, खालच्या कोपऱ्यात ५. दोनशे पावलांच्या अंतरात दोन अंश. त्यांच्यासाठी तो फरक मालाच्या भावाचा होता. निर्यातीच्या मण्याला तडा गेला की तो घड बाद. वर्षभराची मेहनत चार-पाच पहाटेंवर टांगलेली. त्या रात्रीनंतर मुक्कामाची जागा निवडताना मी नकाशा बघण्याआधी माणसांना विचारते: इथे थंडी कुठे जास्त पडते? शेतकऱ्याला ते नेमकं माहीत असतं, अगदी बांधागणिक.

यानंतर भुई. नवखे लोक सगळा खर्च वरच्या पांघरुणावर करतात आणि खाली पातळ योगा मॅट टाकतात. स्लीपिंग बॅगेची ऊब तिच्यात फुललेल्या हवेत असते. अंगाखालची बाजू वजनाने दबते, तिथली हवा निघून जाते, त्यामुळे खालून ती जवळजवळ नसल्यासारखीच. मॅट उष्णता किती अडवते ते आर-व्हॅल्यूत मोजतात, आकडा मोठा तितकी ऊब जास्त, आणि चांगली गोष्ट अशी की दोन मॅट एकावर एक टाकल्या की त्यांची आर-व्हॅल्यू सरळ बेरजेने वाढते. साधारण २ आर-व्हॅल्यूची घडीची फोम मॅट आणि तिच्यावर आणखी एखादा जाड थर, एवढं सह्याद्रीतल्या हिवाळ्याला पुरतं. फोम मॅट सायकलवर अवजड दिसते खरी, पण ती काट्याने फुटत नाही. बाभळीच्या मुलखात फुगवायच्या मॅटवर माझा भरवसा नाही.

देवळात झोपणाऱ्यांनी तर भुईचा जास्तच विचार करावा. गावच्या मारुतीच्या सभामंडपात पथारी टाकणं ही आपल्याकडच्या सायकलवाल्यांची जुनी सोय. डोक्यावर छप्पर, दव नाही, वारा कमी. पण खाली शहाबादी फरशी असते, आणि दगड अंगातली उष्णता कोरड्या मातीपेक्षा कितीतरी भराभर ओढून घेतो. उघड्यावर मातीत बरी झोप लागलेला माणूस फरशीवर रात्रभर कूस बदलत राहतो.

घाटघरच्या बाजूला एका आजींनी मला हे दोन वाक्यांत सांगितलं होतं. त्यांच्या अंगणात तंबू लावत होते. भात काढून झालेलं, घरामागे पेंढ्याची गंजी. त्या थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "तशीच भुईवर निजतीस का गं पोरी? थंडी वरून नाही येत, खालून येती." मग त्यांनी नातवाला हाक मारून दोन भारे पेंढा आणवला आणि तंबूखाली हातभर जाडीचा थर स्वतः पसरला, चारी कडांना जरा जास्त, म्हणजे झोपेत घसरून बाहेर जायला होत नाही. पेंढ्याची प्रत्येक काडी पोकळ, काड्यांच्या मध्येही हवा. त्या रात्री बाहेर काय तापमान होतं कुणास ठाऊक, मी पहाटे स्लीपिंग बॅगेची चेन अर्धी उघडली होती. सकाळी पेंढा पुन्हा गंजीवर नेऊन टाकला; तो गुरांचा चारा होता.

माझ्या सामानात मॅटवर टाकायचा तो दुसरा थर म्हणजे अर्धी घोंगडी. दख्खनी मेंढीची लोकर, घोंगड्या विणणाऱ्या सणगरांनी जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीने ताठ झालेली. नवी असताना ती टोचते, नंतर मऊ पडते. वजनाला जड आहे आणि घाटात ते वजन पायांना कळतं, तरी मी ती घरी ठेवत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के ओलावा पिऊनही हाताला ओली लागत नाही, आणि ओलावा पिताना थोडी उष्णताही सोडते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जाणारे मेंढपाळ धनगर याच एका वस्त्रावर उघड्या रानात रात्री काढतात. तंबूही त्यांच्याकडे नसतो. इतक्या पिढ्यांची ही पारख आपल्या हाताशी असताना ट्रिपच्या यादीत घोंगडी कुणी लिहीत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

स्लीपिंग बॅगेबद्दल थोडंच. भाच्याने परवा फोन करून विचारलं, "मावशी, शून्य अंशाची बॅग स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" त्याला म्हटलं, आधी लेबल वाच. आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे तपासलेल्या बॅगेवर तीन आकडे असतात: कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. कम्फर्ट हा आकडा सर्वसाधारण बाईला निवांत झोप लागेल तो, लिमिट हा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून का होईना झोपू शकेल तो, आणि एक्स्ट्रीम म्हणजे फक्त जीव वाचेल. दुकानदार मोठ्या अक्षरांत बहुतेक वेळा सोयीचा आकडा सांगतो. आपल्याकडच्या हिवाळ्याला ५ अंश कम्फर्टची बॅग हवी. आत एक लाइनर, म्हणजे पातळ कापडी अस्तर, असला की बहुतेक रात्री निभतात. पिसांची बॅग हलकी असते, पण ओली झाली की बसते, आणि आपल्याकडे दव फार. मी सिंथेटिकच वापरते.

दव बाहेरून येतं तसं आतूनही येतं. रात्रभरात एका माणसाच्या श्वासातून पेलाभर तरी पाणी बाहेर पडतं. थंडी वाजते म्हणून तंबूच्या सगळ्या चेनी बंद केल्या की ते पाणी वरच्या कापडाला लागून पहाटे स्लीपिंग बॅगेवर ठिबकतं. म्हणून वरची झडप आणि दाराचा वरचा भाग उघडा ठेवायचा, कितीही जिवावर आलं तरी. डोकं कानटोपीत, तोंड बॅगेच्या बाहेर. बॅगेत तोंड घालून श्वास घेतला की पहिली पाच मिनिटं छान वाटतं आणि मग सगळं आत दमट होतं.

इथे एक गोष्ट अगदी निक्षून सांगायची आहे. तंबूत कोळशाची शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं, पेटता स्टोव्ह, काहीही न्यायचं नाही, विझत आलेलं असलं तरी नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि झोपलेल्या माणसाला तो जागं करत नाही. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्या हिवाळ्यात येत राहतात. तंबू त्या खोलीपेक्षाही लहान. शेकोटीचंही जपून. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात, किंवा कुठल्याही रानात, डिसेंबर-जानेवारीत गवत वाळून कोळ झालेलं असतं. एक ठिणगी पुरते. शेकोटी गावातच, गावकऱ्यांबरोबर, त्यांच्या अंगणात. गप्पांसाठी ती हवीच, पण तिची ऊब तोंडापुरती असते, पाठ गारच राहते.

त्यापेक्षा पाण्याची बाटली. झोपताना उकळतं पाणी स्टीलच्या एकेरी भिंतीच्या बाटलीत भरायचं, झाकण घट्ट लावून उलटी करून तपासायची, जाड मोज्यात घालून मांड्यांच्या मध्ये ठेवायची. तिथून मोठ्या रक्तवाहिन्या जातात, पायांच्या बोटांपर्यंत ऊब पोचते. सायकलच्या होल्डरमधली प्लास्टिकची दाबायची बाटली यासाठी वापरू नका, गरम पाण्याने ती मऊ पडते आणि गळते. पाणी गरम करायला गॅसचा कॅन असेल तर तो आधी अर्धा तास जॅकेटच्या आत ठेवावा. नुसत्या ब्युटेनची वाफ शून्याच्या आसपास होईनाशी होते, आणि जळताना कॅन आपणच गार होत जातो, त्यामुळे ५-६ अंशांतही ज्योत मिणमिणते.

आणि जेवण. डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो, उगवायला सात वाजतात. तेरा तासांची रात्र. सातला जेवून नऊला झोपलेल्या, दिवसभर सायकल चालवलेल्या अंगातलं इंधन तीनच्या सुमारास संपतं आणि नेमकं तेव्हाच बाहेरचा पारा उतरत असतो. अशा वेळी आणखी एक जॅकेट चढवून फारसं भागत नाही, कारण जॅकेट ऊब तयार करत नाही. बाजरीची भाकरी, त्यावर तूप, तिळाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ, हे आपलं थंडीचं जेवण उगीच नाही. स्निग्ध पदार्थ सावकाश पचतात आणि उशिरापर्यंत पुरतात. त्यातूनही उशाशी एक डिंकाचा लाडू ठेवायचा. जाग आली की आधी बाहेर जाऊन लघवी करून यायचं, ताटकळत पडून राहिलं तर झोप लागत नाही. मग लाडू खायचा, दोन घोट कोमट पाणी. पंधरा-वीस मिनिटांत पाय गरम व्हायला लागतात. पाय तरीही गारच राहिले तर बहुतेक वेळा मोजे घट्ट असतात. दोन मोजे कोंबून घातले की रक्त फिरत नाही. एकच सैल लोकरी जोड बरा. दारू पिऊन ऊब येते असं ज्यांना वाटतं त्यांच्याबरोबर मी हिवाळ्यात जात नाही. त्वचेकडे रक्त धावतं म्हणून गरम वाटतं, आणि तीच उष्णता बाहेर निघून जाते.

या जानेवारीत तोरणमाळ ठरलंय. शहाद्याहून सकाळी लवकर निघायचं, ऊन असतानाच घाट संपवायचा. वर यशवंत तलाव आहे, आणि तंबू त्याच्या काठाला लावायचा नाही हे आधीच बजावून ठेवलंय. भाचा पहिल्यांदाच येतोय. त्याने शेवटी बॅग चांगली घेतली, मॅट माझी जुनी वापरणार आहे, आणि राहिलेली अर्धी घोंगडी मी त्याच्या कॅरिअरला बांधणार आहे. पोरगा तरणाताठा आहे, चढावर मला मागे टाकायला बघेल. त्याला एवढंच सांगितलंय की घाटात कुणी पुढे गेलं तर जाऊ दे, पाठ ओली व्हायला लागली की थांब, विंडचीटर काढ, दम खा. तुझ्या आधी पोचले तर मी वर चहाला सांगून ठेवते.